टिंडालची धूळ

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक वाद तब्बल आठवडाभर चालला. विषय सबमिशनचा नव्हता, मेसच्या पोळ्यांचाही नव्हता. माझ्या रूममेटने त्याच्या काकांकडून एक जुनी डिझेल गाडी पदरात पाडून घेतली आणि तिला परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवायचाच असं त्याच्या डोक्यात शिरलं. आता हे फिल्टर मुख्यतः दोन जातींचे. एक तेलाचा. म्हणजे सुती गॉजचे थर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि त्या गॉजला लावलेलं चिकट तेल. दुसरा ड्राय, म्हणजे सिंथेटिक तंतूंचा, तेलबिल काही नाही. निम्मी विंग तेलाच्या बाजूने, निम्मी कोरड्याच्या. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा. ज्यांच्या घरी सायकलसुद्धा नाही तेही तावातावाने हॉर्सपॉवरवर बोलत होते.

शेवटी वर्कशॉपच्या मामांनी एकच प्रश्न टाकला. फिल्टरच्या पलीकडे निसटून गेलेली धूळ तुमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का? सगळे गप्प. कारण सगळा वाद फिल्टरवर अडकलेल्या धुळीवरून चालला होता, आणि अडकलेली धूळ इंजिनचं काहीच बिघडवत नाही. बिघडवते ती निसटलेली.

निसटलेली धूळ पाहण्याची युक्ती एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी शोधली होती. कोरडा कापूस की ओला कापूस, हा प्रश्नही त्याने तेव्हाच हाताळला होता. त्याचं नाव आपण सगळ्यांनी केमिस्ट्रीत कोलॉइडच्या धड्यात दोन मार्कांसाठी पाठ केलं आहे आणि सोडून दिलं आहे. जॉन टिंडाल. टिंडाल इफेक्टवाला.

टिंडाल जन्मला २ ऑगस्ट १८२० रोजी, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात, लेग्लिनब्रिज नावाच्या लहानशा गावी. वडील जोडे शिवायचे आणि पुढे पोलिसात शिपाई होते. घरात पैसा नव्हता, पण पोराने शिकावं ही हौस होती. गावच्या एका चांगल्या मास्तरांकडे तो सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत गणित आणि जमीन मोजणी शिकला. १८३९ मध्ये सरकारी नकाशे बनवणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेत ड्राफ्ट्समन म्हणून लागला. आपल्याकडे डिप्लोमा करून कॉन्ट्रॅक्टवर चिकटावं तसला प्रकार. पगार तुटपुंजा, वागणूक त्याहून वाईट. १८४२ मध्ये त्याची बदली इंग्लंडला प्रेस्टन येथे झाली. तिथल्या कामगारांच्या तक्रारी त्याने उघडपणे मांडल्या आणि १८४३ मध्ये बक्षीस म्हणून नोकरीवरून काढून टाकला गेला.

पुढची तीन-चार वर्षं रेल्वेची. इंग्लंडमध्ये तेव्हा रेल्वेचं वेड लागलं होतं. लोक घरदार विकून शेअर घेत होते आणि सर्व्हेयरला रात्रंदिवस काम होतं. हा पठ्ठ्या दिवसा साखळी घेऊन रानात आणि रात्री नकाशांवर. पैसा मिळाला, पण रेल्वेचा फुगा फुटायला आला तेव्हा तो त्यातून बाहेर पडला आणि १८४७ मध्ये हॅम्पशायरमधल्या क्वीनवुड कॉलेजात शिक्षक झाला. तिथे एडवर्ड फ्रँकलंड नावाचा केमिस्ट भेटला. दोघांनी ठरवलं की खरं विज्ञान शिकायचं तर जर्मनीला जायला हवं, आणि १८४८ मध्ये दोघं मारबुर्गला गेले. तेव्हा टिंडाल अठ्ठावीस वर्षांचा होता. जर्मन भाषा जेमतेम, खिशात स्वतः साठवलेले पैसे, ते संपायच्या आत डिग्री हवी. बुन्सेन (हो, आपल्या लॅबमधल्या बर्नरवाला) तिथे शिकवत होता. टिंडालने दोन वर्षांच्या आत, १८५० मध्ये, डॉक्टरेट मिळवली. एका वर्षाचा बॅकलॉग निघाला की आपल्याकडे आयुष्य संपल्यासारखे चेहरे होतात, म्हणून हे वय जरा ठळकपणे सांगितलं.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचं व्याख्यान झालं, ते लोकांना फार आवडलं आणि त्याच वर्षी तो तिथे प्रोफेसर झाला. तिथे मायकेल फॅरेडे होते. लोहाराचा मुलगा आणि चांभाराचा मुलगा, दोघंही विद्यापीठाच्या राजमार्गाने न आलेले. दोघांचं छान जमलं. फॅरेडे धार्मिक आणि मृदू, टिंडाल तापट आणि देवाधर्माच्या बाबतीत नास्तिकपणाकडे झुकलेला. तरी १८६७ मध्ये फॅरेडे वारले तोपर्यंत ही मैत्री टिकली. फॅरेडेंच्या जागेवर टिंडालच आला.

मधल्या काळात त्याने आल्प्सच्या हिमनद्या पालथ्या घातल्या. १८६१ मध्ये वाइसहॉर्न शिखरावर पहिल्यांदा माणसाचे पाय लागले ते त्याचे आणि त्याच्या दोन वाटाड्यांचे. १८५९ पासून त्याने वायू उष्णता किती शोषतात हे मोजायला घेतलं. हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन जवळपास काहीच शोषत नाहीत, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर शोषतात, हे त्याने आकड्यांत दाखवलं. आज ग्लोबल वॉर्मिंगवर जे सेमिनार देतो त्याची पहिली स्लाइड खरं तर हीच. (अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये साध्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवून असंच काहीसं दाखवलं होतं. त्यांचं नाव फार उशिरा पुढे आलं, ते इथे घ्यायलाच हवं.)

धूळ त्याच्या वाटेत आली ती नको असलेली पाहुणी म्हणून. १८६८ मध्ये तो काचेच्या नळीत वाफा भरून त्यांच्यावर प्रखर प्रकाशाचा झोत टाकत होता. त्यासाठी नळीतली हवा स्वच्छ हवी होती. त्याने हवा सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधून नेली, कॉस्टिक पोटॅशमधून नेली. केमिस्टच्या दृष्टीने हवा शुद्ध झाली. पण अंधाऱ्या खोलीत झोत सोडला की नळीत असंख्य कण चमकताना दिसत. खिडकीच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात आपल्याला तरंगणारे कण दिसतात ना, तेच. फरक इतकाच की आपण ते बघून कूस बदलतो. टिंडालच्या लक्षात आलं की झोत हे मोजमापाचं साधन आहे. साध्या उजेडात स्वच्छ वाटणारी हवा झोतात नापास होते. आणि ज्या हवेत कण नाहीत त्या हवेतून झोत जाताना बाजूने दिसतच नाही, तिथे नुसता काळोख. काळोख म्हणजे पास.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने हवा नळीत सोडण्याआधी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली. चमक नाहीशी झाली. म्हणजे त्या धुळीतला बराच भाग जळणारा, सेंद्रिय होता. मग त्याने उघड्या झोताखाली ज्योत धरून पाहिली, तर झोतात धुरासारखे काळे लोट वर चढताना दिसले. पण तो धूर नव्हताच, ती धूळ नसलेली हवा होती. इथे त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. नुसती तापलेली सळई धरली तरी तसे लोट दिसत, आणि त्याचं कारण जळणं नसून गरम वस्तूजवळून कण दूर ढकलले जातात हे आहे, हे पुढे इतरांनी दाखवलं. त्याला आज थर्मोफोरेसिस म्हणतात. पण दिसलं पहिल्यांदा त्याला.

जानेवारी १८७० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर त्याने व्याख्यान दिलं. भरल्या सभागृहात त्याने आपला उच्छ्वास एका गरम केलेल्या काचेच्या नळीतून झोतात सोडला. सुरुवातीला झोत तसाच चमकत राहिला, पण श्वास संपत आला तशी मधोमध काळी पोकळी दिसू लागली. फुप्फुसात खोलवर गेलेली हवा धूळ आत ठेवून बाहेर आली होती. मग त्याने तोंडानाकावर कापसाचा बोळा धरून त्यातून श्वास घेतला आणि सोडला. या वेळी पहिल्यापासूनच काळोख. कापसातून हवा गाळण्याची युक्ती त्याची नव्हे, श्रोडर आणि फॉन डुश यांनी १८५४ मध्येच ती वापरली होती. पण कापूस काम करतो की नाही हे बघणाऱ्याला तिथल्या तिथे दिसेल असं करणं, हे टिंडालचं.

आता आमच्या वादाच्या जवळ येतो. लंडनमध्ये आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच बंबवाले जास्त हैराण व्हायचे. बाहेरून पंपाने हवा पुरवणारी शिरस्त्राणं होती, पण ती अवजड आणि बसवायला वेळखाऊ. टिंडालला वाटलं, कापूस धूळ अडवतो तर धूर का नाही अडवणार? शेवटी धूर म्हणजेही हवेत तरंगणारे कणच. त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरासारख्या एका कोंदट खोलीत शेगड्या ठेवल्या, त्यात राळेचं पाइनचं लाकूड पेटवलं, वर झाकण ठेवलं म्हणजे ते जळण्यापेक्षा धुमसेल, आणि स्वतः आत जाऊन बसला. प्रोफेसर, रॉयल सोसायटीचा फेलो, पन्नाशीचा माणूस. असिस्टंटला एकट्याला पाठवून स्वतः बाहेर रीडिंग लिहीत बसला नाही हे मला विशेष वाटतं.

नुसता कोरडा कापूस पुरला नाही. धुराचा काही भाग अडला, पण दाट धुरात श्वास घेणं जमेना. मग त्याने कापूस ग्लिसरीनमध्ये भिजवून पिंजून घेतला. ग्लिसरीनच का? पाणी असतं तर थोड्या वेळात उडून गेलं असतं. ग्लिसरीन उडत नाही, वाळत नाही, चिकट राहतं. तंतूला लागलेला कण पुन्हा सुटत नाही. फरक लगेच कळला. तरीही घशाला आग होत होतीच, कारण धुरात कणांखेरीज तिखट वाफाही असतात आणि वाफ काही ग्लिसरीनला चिकटून बसत नाही. तेव्हा त्याने स्टेनहाउस नावाच्या केमिस्टची युक्ती उसनी घेतली आणि कोळशाच्या तुकड्यांचा थर घातला. शेवटी त्या रेस्पिरेटरमध्ये थर असे झाले: कोरडा कापूस, ग्लिसरीनचा कापूस, पुन्हा कोरडा कापूस, कोळसा, परत कापूस, आणि कार्बन डायऑक्साइड धरायला चुन्याचे खडे. हे लावून तो आणि त्याचा असिस्टंट अर्धा तास आणि त्याहून जास्त वेळ त्या खोलीत राहू शकले. तिथे उघड्या तोंडाने एक श्वासही सहन झाला नसता. लंडनच्या फायर ब्रिगेडचे प्रमुख कॅप्टन शॉ आपली माणसं घेऊन आले आणि त्यांनीही हे आजमावून पाहिलं. कार्बन मोनॉक्साइड यातून अडत नाही, तेव्हा आजच्या निकषांवर हे यंत्र अर्धवटच. पण नीट पाहा, कोरडा की ओला याचं उत्तर त्या माणसाने काय दिलं? दोन्ही. प्रत्येक थराला त्याचं वेगळं काम.

चिकट लेपाचं नेमकं काम काय, हे त्याच्या पुढच्या प्रयोगात आणखी स्वच्छ दिसतं. तेव्हा एक मोठा झगडा चालू होता. निर्जीव रस्सा उकळून ठेवला तरी त्यात आपोआप जीव निर्माण होतात, असं डॉ. बॅस्टियन नावाचे डॉक्टर ठासून सांगत होते. टिंडाल आणि फ्रान्समधले पाश्चर म्हणत होते की जीव धुळीतून येतात. टिंडालने १८७५ पासून एक लाकडी पेटी वापरायला घेतली. पुढे काच, दोन्ही बाजूंना झोत आरपार जाण्यासाठी छोट्या खिडक्या, तळाला परीक्षानळ्या, हवेसाठी वाकड्यातिकड्या नळ्या. आणि आतून सगळ्या भिंतींना ग्लिसरीनचा हात. पेटी बंद करून तीन-चार दिवस नुसती ठेवून द्यायची. धूळ आपोआप खाली बसते, भिंतींना लागते, आणि लागली की तिथेच राहते. मग झोत टाकून बघायचं. आत काळोख दिसला की मगच परीक्षानळ्यांत रस्सा भरून उकळायचा. मटणाचा, माशाचा, सलगमाचा, नाना तऱ्हेचे रस्से. पेटीतले महिनोन् महिने स्वच्छ राहिले, बाहेर उघड्यावर ठेवलेले तीन दिवसांत नासले.

लक्षात घ्या, या पेटीत फिल्टर नव्हताच. ग्लिसरीन हवेतून धूळ खेचून घेत नव्हतं. ते एवढंच करत होतं की एकदा टेकलेला कण पुन्हा उडू देत नव्हतं. आमच्या विंगमधल्या तेलवाल्या पार्टीचं नेमकं इथेच चुकत होतं. त्यांना वाटे तेल धूळ ओढून घेतं. खरं म्हणजे कण तंतूवर आदळावा लागतो, मगच तेल त्याला धरतं. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर जाऊन आपटतात, अगदी बारीक कण इकडेतिकडे भिरभिरत तंतूला लागतात, आणि या दोन्हींच्या मधल्या मापाचे सगळ्यात जास्त निसटतात. गॉज विरळ असतं. त्यात वेगाने आपटलेला कण कोरड्या तंतूवरून उसळून पुढे जाऊ शकतो, म्हणून त्याला तेल लागतंच. दाट विणीच्या कागदात किंवा सिंथेटिकमध्ये तंतूच इतके जवळजवळ असतात की तेलाची गरज पडत नाही. वर धूळ साचत जाते तसा तो आणखी चांगला गाळतो, पण हवेला अडथळाही वाढत जातो. विरळ वीण आणि तेल, किंवा दाट वीण आणि कोरडी. विरळ आणि कोरडं असं मात्र चालत नाही.

टिंडालच्या गोष्टीतला खरा पेच पुढेच आहे. १८७६ च्या शरद ऋतूत त्याचे प्रयोग एकाएकी फसायला लागले. तीच पेटी, तेच ग्लिसरीन, तोच काळोख, तितकाच वेळ उकळलेले रस्से. आणि ते नासत होते! एकामागून एक. बॅस्टियनशी जाहीर भांडण ऐन रंगात आलेलं. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात, आणि त्या आपल्याला फायनल इयर प्रोजेक्टमुळे चांगल्याच माहीत आहेत. एक, नको ती रीडिंग गाळून टाकणं. दुसरी, हात वर करून हार मानणं. त्याने दोन्ही केलं नाही. शोधत गेला तेव्हा संशय आला तो त्याच्याच लॅबमध्ये आणलेल्या जुन्या वाळक्या गवताच्या भाऱ्यावर. त्यातून उडालेल्या धुळीने अख्खी लॅब माखली होती. सगळा पसारा उचलून तो क्यू येथील बागेतल्या नव्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथे तेच प्रयोग पुन्हा यशस्वी झाले.

पण मग उकळून जंतू मेले का नव्हते? जुन्या गवतातल्या जंतूंची बीजं इतकी चिवट होती की काही काही तर तासन् तास उकळूनही टिकत. त्यावर त्याने १८७७ मध्ये तोड काढली. एकदाच खूप उकळायचं नाही. थोडं तापवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं तापवायचं. मधल्या वेळात बीज फुटून मऊ जंतू बाहेर येतो आणि पुढच्या तापवण्यात मरतो. या पद्धतीला पुढे टिंडलायझेशन असं नाव पडलं.

त्याच उन्हाळ्यात त्याने रश्शाच्या सीलबंद कुप्या आल्प्समध्ये नेल्या. तेवीस कुप्या गवत साठवलेल्या माळ्यावर फोडल्या. सत्तावीस कुप्या अलेच हिमनदीवरच्या एका कड्यावर फोडल्या, तेही वाऱ्याची दिशा बघून, म्हणजे हिमनदीवरून येणारी हवा आधी कुपीला लागेल आणि आपल्या कपड्यांवरची धूळ पलीकडे उडून जाईल अशा बेताने उभं राहून. माळ्यावरच्या तेवीसपैकी एकवीस नासल्या. कड्यावरची एकही नाही.

बाकी आयुष्य भराभर सांगतो. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत व्याख्यानं दिली, आणि खर्च वजा जाता उरलेली सगळी कमाई तिथल्याच विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन आला. १८७४ मध्ये बेलफास्टला विज्ञानाच्या क्षेत्रात धर्माने लुडबुड करू नये अशा अर्थाचं अध्यक्षीय भाषण केलं आणि पाद्र्यांच्या शिव्या खाल्ल्या. दीपगृहांचा सरकारी सल्लागार होता, पण दिव्याच्या एका संशोधकावर अन्याय होतोय असं वाटलं म्हणून १८८३ मध्ये त्या पदावर लाथ मारली. चाळीस वर्षांपूर्वीचा प्रेस्टनचा ड्राफ्ट्समन तसाच शिल्लक होता. उतारवयात हाइंडहेडच्या टेकडीवर शुद्ध हवेसाठी घर बांधलं, तर त्याचं बघून इतरही तिथे घरं बांधू लागले. तेव्हा शेजाऱ्याचं घर दिसू नये म्हणून या गृहस्थाने मोठमोठे पडदे उभारले. भांडणाची हौस होतीच!

१८७६ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने लुइसा हॅमिल्टन हिच्याशी लग्न केलं. ती त्याच्याहून बरीच लहान. मूलबाळ झालं नाही, पण संसार सुखाचा झाला. ती त्याची कामं, पत्रं, टिपणं सांभाळू लागली. टिंडालला आयुष्यभर झोपेचा त्रास. रात्री झोपेसाठी तो क्लोरल घेई आणि काही सकाळी पोटासाठी मॅग्नेशिया. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइसाने मॅग्नेशिया समजून क्लोरलचा मोठा डोस त्याला दिला. चूक लगेच दोघांच्याही लक्षात आली. डॉक्टर आले, दिवसभर धडपड झाली, संध्याकाळी तो गेला. ज्या माणसाने डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन हवा वेगळ्या ओळखायला जगाला शिकवलं, तो बाटल्यांच्या अदलाबदलीत गेला. हे वाचलं त्या रात्री मला काही सुचलं नाही.

लुइसा त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं जगली. नवऱ्याचं चरित्र आपल्या हातून पूर्ण व्हावं म्हणून ती कागद जमवत राहिली, कुणाला नीटसं लिहू दिलं नाही आणि स्वतःलाही संपवता आलं नाही. ती १९४० मध्ये वारली. चरित्र छापून आलं १९४५ मध्ये. तोवर त्याच्या बरोबरीच्या लोकांची नावं पाठ्यपुस्तकांत पक्की झाली होती आणि टिंडालच्या वाट्याला दोन मार्कांचा इफेक्ट उरला.

राहता राहिला रूममेट. एका रविवारी आम्ही खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून लेझर पॉइंटर आणि खडूची भुकटी घेऊन बसलो. प्लास्टिकच्या दोन बाटल्या कापल्या, एकात कोरडं बँडेजचं गॉज, दुसऱ्यात मेडिकलमधून आणलेल्या ग्लिसरीनमध्ये बुडवून पिळलेलं. कोरड्या गॉजच्या पलीकडे किरण छान चमकला, म्हणजे धूळ पार झाली. ग्लिसरीनवाल्यात तो बराच मंद दिसला. मग गॉजऐवजी दाबून बसवलेला कोरडा कापूस घातला, तर किरण जवळपास दिसेनासा झाला. पण बाटलीला टिचकी मारली की कापसातून थोडी भुकटी सुटून पुन्हा चमके. ग्लिसरीनच्या गॉजला कितीही टिचक्या मारल्या तरी काही सुटत नव्हतं. प्रयोग पोरकट होता, आकडे काही नाहीत. खऱ्या फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ प्रमाणे ठरावीक धूळ, ठरावीक हवा घालून, वजन करून होते. पण आठवडाभराच्या बडबडीपेक्षा त्या तासाभरात जास्त कळलं.

मग हिशोब मांडला. १३०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला, टर्बो बाजूला ठेवला तरी, मिनिटाला साधारण १३०० लिटर हवा ओढतं. शांत बसलेला माणूस ओढतो सहा-आठ लिटर. म्हणजे फिल्टरमधून थोडं जरी निसटलं तरी वर्षभरात ते रिंगा आणि लायनरपर्यंत पोचणारच. शिवाय त्याच्या गाडीत फिल्टरच्या लगेच पुढे गरम तारेचा एअर मास सेन्सर आहे. तेलाचा फिल्टर धुऊन परत तेल लावताना ते जास्त झालं तर उडून तारेवर बसण्याची भीती. तारेवर तेल आणि धुळीची पुटं चढली की तो हवा चुकीची मोजतो. तेल कमी पडलं तर विरळ गॉज उघडं पडतं. म्हणजे बेताने तेल लावणं, ते मुरू देणं, मग बसवणं, हे ज्याला जमतं त्याने तेलाचा खुशाल घ्यावा. धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो, ही त्याची खरी बाजू आहे. आमचा रूममेट महिनोन् महिने उशीचा अभ्रा धूत नाही. त्याने ड्राय घेतला. त्यातही जास्तीत जास्त हवा सोडणारा न घेता दाट विणीचा घेतला, कारण त्याच्या गावचा रस्ता शेवटचे आठ किलोमीटर कच्चा आहे आणि पुढे ऊस वाहणारे ट्रॅक्टर असतात.

मामांनी मात्र त्यांच्या जुन्या जीपचा ऑइल-बाथ एअर क्लीनर उघडून दाखवला. खाली वाटीत काळं तेल आणि तळाला बोटभर चिखल. त्यांनी तो चिखल काढला, नवीन तेल खुणेपर्यंत भरलं आणि झाकण लावून टाकलं.